आगंतुक जाहिरातींचा भुर्दंड कोणावर?

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन शहरांतून रोज पहाटेपासून जी माणसे लोकलने मुंबईकडे निघतात, त्यांच्या हातात वृत्तपत्राची घडी आता क्वचितच दिसते. दिसतो तो स्मार्टफोन. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटरचे, म्हणजे जलद गाडीनेही सव्वा-दीड तासाचे. त्या वेळात एखाद्या कारकुनाने बँकेतील शिल्लक पाहावी म्हणून फोन उघडावा, तो समोर पडदाभर जाहिरात. ती मिटवण्यासाठी कोपऱ्यातील बारीक फुली दाबावी, तर फुली दाबली जात नाही, जाहिरातच उघडते, आणि कुठले तरी नवे अ‍ॅप उतरवून घेण्याचा आग्रह सुरू होतो. फोन त्याच्या पैशाचा, बॅटरी त्याने भरलेली, डेटाचे रिचार्ज त्याचेच. मग या पडद्यावर सत्ता कोणाची, असा प्रश्न त्याला पडला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

या प्रकाराकडे किरकोळ उपद्रव म्हणून पाहण्याची सवय सुशिक्षितांनाही जडली आहे. माशी बसली, हाकलली, एवढेच त्याचे महत्त्व मानले जाते. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतरची वाढ बाजूला ठेवली तरी तिन्ही शहरे मिळून ९ लाखांहून अधिक माणसे होतात. यांपैकी फक्त १ लाख फोनांवर दिवसाकाठी १० आगंतुक जाहिराती झळकतात आणि प्रत्येक जाहिरात मिटवण्यात ५ सेकंद जातात, असे उदाहरणादाखल धरू. तर रोजचे ५० लाख सेकंद, म्हणजे सुमारे १,३८९ तास खर्ची पडले. आठ तासांच्या पाळीने मोजल्यास हे १७३ माणसांचे पूर्ण दिवसाचे काम झाले. हे काम कोणी खुशीने पत्करलेले नाही, त्याचे वेतन कोणाला मिळत नाही, आणि त्यातून होणारी कमाई ज्यांच्या खिशात जाते त्यांतील बहुतेकांनी उल्हास नदीचे नावही ऐकलेले नसते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जाहिरात ही मुळात निंद्य वस्तू नव्हे. वृत्तपत्राच्या खर्चाचा मोठा वाटा जाहिरातदारच उचलतो, म्हणून तर ते वाचकाला परवडते. त्याच न्यायाने एखादे अ‍ॅप फुकट मिळत असेल आणि ते वापरत असताना त्यात जाहिरात दिसत असेल, तर तो एक सौदा आहे. न पटल्यास मोडता येणारा. आगंतुक जाहिरातीचे तसे नाही. ती कोणत्याही अ‍ॅपच्या चौकटीबाहेर उगवते: फोनचे कुलूप उघडताना, आलेला कॉल घेताना, नुसता घड्याळावर नजर टाकतानाही. ती कोणी धाडली हे कळत नाही, म्हणून सौदा मोडायचा तर कोणाशी, हेही कळत नाही. अशा जाहिराती गुपचूप दाखवणाऱ्या अ‍ॅपला ‘अ‍ॅडवेअर’ म्हणतात.

ए. सी. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या कल्याणकारी अर्थशास्त्रावरील ग्रंथात असे दाखवून दिले होते, की उत्पादकाला येणारा खर्च आणि समाजाला येणारा खर्च यांत तफावत पडली, की बाजारयंत्रणा चुकीची वस्तू चुकीच्या प्रमाणात निर्माण करू लागते. वालधुनीच्या काठाने राहणाऱ्यांना हा सिद्धांत पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. सांडपाणी नदीत सोडणाऱ्याचा शुद्धीकरणाचा खर्च वाचतो आणि दुर्गंधी खालच्या अंगाला राहणाऱ्याच्या वाट्याला येते. आगंतुक जाहिरातीचे अर्थकारण नेमके याच वळणाचे आहे. जाहिरात दाखवणाऱ्याला जास्तीच्या एका दर्शनाचा खर्च जवळजवळ शून्य. वेळ, वीज, डेटा आणि चित्ताची शांती हा सारा खर्च पाहणाऱ्याचा.

फुलीमागचा व्यवहार

या उपद्रवाचा जन्म तसा निरुपद्रवी हेतूने झाला. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘ट्रायपॉड’ नावाच्या संकेतस्थळावर लोकांनी स्वतः तयार केलेली पाने मांडली जात. एका मोटार कंपनीची जाहिरात तेथील एका अश्लील पानावर झळकल्याने ती कंपनी संतापली. तेव्हा पान आणि जाहिरात यांचा संबंध तोडावा म्हणून ईथन झुकरमन या तेथील तंत्रज्ञाने जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडण्याची युक्ती काढली. पुढे २०१४ साली ‘द अटलांटिक’ या मासिकात लेख लिहून त्यांनी या शोधाबद्दल जाहीर क्षमा मागितली. संगणकावरील या खिडक्यांना २००४ च्या सुमारास आळा बसला, कारण फायरफॉक्स आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये त्या अडवण्याची सोय आली. वाचकाला वाटले, ब्याद टळली. ती टळली नव्हती. नव्या घराच्या शोधात होती, आणि ते घर तिला खिशात सापडले.

फोनवरील जाहिरातीचा दर हजार दर्शनांमागे ठरतो, किंवा जाहिरात दाबल्याबद्दल ठरतो, किंवा तिच्यातून एखादे नवे अ‍ॅप उतरवले गेले तर त्याबद्दल. तिन्ही प्रकारांत मोजणी यंत्र करते. यंत्राला बोट हेतूने पडले की चुकून, हे कळत नाही. फुली मुद्दाम नखाएवढी का ठेवलेली असते आणि ती काही सेकंद उशिरा का उगवते, याचे उत्तर यात आहे. लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडी धरलेल्या माणसाचा चुकलेला अंगठा हा या धंद्यातील कच्चा माल होय. जाहिरातदारही येथे फसतोच, कारण चुकून पडलेल्या बोटाचे पैसे तो गिऱ्हाईक समजून मोजत असतो. मधल्या दलालांच्या साखळीत मात्र कोणाचेच नुकसान होत नाही. सचोटीच्या अ‍ॅप-निर्मात्यालाही आपल्या अ‍ॅपमध्ये जाहिरातीचा तयार सांगाडा परक्या कंपनीकडून घेऊन बसवावा लागतो आणि त्या सांगाड्यात काय दडले आहे हे त्यालाही पुरते ठाऊक नसते. ‘कॅमस्कॅनर’ हे कागदपत्रांची छायाचित्रे काढण्याचे अ‍ॅप दहा कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. विद्यार्थी आणि कारकून यांचा तर त्यावर विशेष भर. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला त्यातील जाहिरातीच्या भागात घातक संकेत आढळला आणि गूगलने ते अ‍ॅप काही काळ आपल्या भांडारातून काढून टाकले. निर्मात्यांनी दोष जाहिरातीच्या त्या परक्या भागावर टाकला.

‘एजंट स्मिथ’चा धडा

या संदर्भात भारतीय वाचकाने एक प्रकरण लक्षात ठेवावे असे आहे. जुलै २०१९ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी ‘एजंट स्मिथ’ असे नाव दिलेल्या अ‍ॅडवेअरचा छडा लावला. जगभरातील सुमारे २ कोटी ५० लाख फोनांना त्याची लागण झाली होती आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ५० लाख फोन एकट्या भारतातले होते. प्रसार मुख्यतः ‘नाइन अ‍ॅप्स’ या गूगलबाहेरच्या भांडारातून झाला. खेळ, छायाचित्रे सजवण्याची साधने अशा निरागस रूपांत. आत शिरल्यावर ते गूगलच्याच एखाद्या सुधारणेचे नाव धारण करून बसे, फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपसारखी परिचित अ‍ॅप्स कोणती आहेत याची यादी घेई, त्या अ‍ॅप्सची नक्कल तयार करून तीत जाहिरातींचा भाग घुसवी आणि मूळ अ‍ॅपच्या जागी ती नक्कल बसवी. मालकाला वाटे, आपण नेहमीचेच व्हॉट्सअ‍ॅप वापरीत आहोत.

बनावट लेबलाची कथा उल्हासनगरला नवी नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नामकरण झालेल्या या निर्वासितांच्या वसाहतीने शून्यातून व्यापार उभा केला, आणि ‘मेड इन यूएसए’मधील यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही थट्टा त्या कष्टांच्या वाट्याला आली. पण त्या थट्टेतील गिऱ्हाईक निदान वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून पाहू शकत होते. येथे अस्सल वस्तू घरात असताना रात्रीतून तिची अदलाबदल होते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना म्हटले होते, की जेथे मालाचा दर्जा फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतो तेथे वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो. फुकट अ‍ॅप्सच्या बाजारात तर किंमत हीदेखील दर्जाची खूण उरत नाही. सर्वांचीच किंमत शून्य.

‘एजंट स्मिथ’ने ज्या फटीतून प्रवेश मिळवला तिचे नाव होते ‘जेनस’, आणि ती बुजवणारी दुरुस्ती डिसेंबर २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. म्हणजे रोगावरचे औषध दीड वर्ष आधी तयार होते. ते कोट्यवधी भारतीय फोनांपर्यंत पोहोचले नाही, कारण ते पोहोचवणे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हाती असते, आणि सहा-सात हजारांचा फोन एकदा विकून झाल्यावर त्याची देखभाल करण्यात कंपनीला मिळकत नसते. शाओमी कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या यंत्रसामग्रीवरील निव्वळ नफा ५ टक्क्यांपुढे जाऊ देणार नाही, अशी घोषणा केली तेव्हा तिचे कौतुक झाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: मग उत्पन्न येणार कोठून? कंपनीने ते दडवलेही नव्हते. इंटरनेट सेवा आणि त्यांतील जाहिराती हा तिच्या उत्पन्नाचा उघड मार्ग होता, आणि खुद्द फोनच्या सेटिंग्जच्या पानांवर जाहिराती दिसत असल्याची तक्रार ग्राहकांनी त्याच वर्षी केली. महाग फोनाचा मालक हा कर भरत नाही. भरतो तो स्वस्त फोन घेणारा: अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार, बदलापूरहून ठाण्याला शिकवणीला जाणारा विद्यार्थी, मुलाचा जुना फोन वारशाने आलेले निवृत्त गुरुजी. गरिबावर अधिक बसणाऱ्या कराला अर्थशास्त्रात प्रतिगामी कर म्हणतात. फरक इतकाच, की हा कर कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेला नाही.

निदान आणि उपचार

दुरुस्तीच्या दुकानात फोन टाकण्यापूर्वी घरच्या घरी बरेच काही करता येते. पडदाभर जाहिरात आली की तिच्यावर कोठेही न दाबता, अलीकडे वापरलेली अ‍ॅप्स दाखवणारे बटण दाबावे. जाहिरातीच्या पत्त्यावर जे नाव वा चिन्ह दिसेल तोच बहुधा गुन्हेगार. काही लबाड अ‍ॅप्स आपले चिन्ह लपवतात. तेव्हा सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत बिननावाचे, कोऱ्या चिन्हाचे किंवा आपण कधी घेतल्याचे आठवत नाही असे काही आहे का, हे पाहावे. खात्रीचे निदान ‘सेफ मोड’मध्ये होते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत बंद करण्याचे बटण दाबून धरल्यावर जो ‘पॉवर ऑफ’चा पर्याय दिसतो, त्यावर बोट दाबून ठेवले की फोन या अवस्थेत सुरू होतो आणि बाहेरून घेतलेली सर्व अ‍ॅप्स निद्रिस्त राहतात. या अवस्थेत जाहिराती थांबल्या तर दोष घेतलेल्या अ‍ॅपचा. सर्वांत अलीकडे घेतलेल्यापासून एकेक काढत जावे. थांबल्या नाहीत तर दोष कंपनीने आधीच भरून दिलेल्या मालाचा असण्याचा संभव अधिक.

एखादे अ‍ॅप काढू म्हटले तर निघत नाही, असेही घडते. त्याने ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा अधिकार मिळवलेला असतो. सुरक्षेच्या पानावर जाऊन तो आधी काढून घ्यावा लागतो. याच ओघात ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’, म्हणजे इतरांच्या डोक्यावर पाय देऊन उभे राहण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे हे तपासावे. टॉर्च, पंचांग किंवा कॅल्क्युलेटर यांना या परवानगीचे काही कारण नसते. जाहिराती वरच्या पट्टीत सूचनेच्या रूपाने येत असतील तर उगम अ‍ॅपमध्ये नसून क्रोम ब्राउझरमध्ये असू शकतो. कोणत्या तरी पानाने ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितलेले असते आणि तो ‘अलाऊ’ म्हणजे सूचना धाडण्याचा कायमचा परवाना ठरतो. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये तो रद्द होतो.

सर्वांत घातक ती लाल अक्षरांतील सूचना: तुमच्या फोनमध्ये अमुक इतके व्हायरस सापडले आहेत. कोणत्याही संकेतस्थळाला नुसत्या पानावरून कोणाच्या फोनची अशी तपासणी करता येत नाही, हे निवृत्त मंडळींना घरातील तरुणांनी पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. या भीतीपोटी घेतलेली ‘क्लीनर’ आणि ‘बॅटरी सेव्हर’ अ‍ॅप्स हीच अनेकदा नव्या जाहिरातींची खाण असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने उपद्रवी जाहिरातींच्या कारणावरून सुमारे ६०० अ‍ॅप्स आपल्या भांडारातून काढली, तेव्हा ‘क्लीन मास्टर’ बनवणाऱ्या चीता मोबाइल कंपनीची अ‍ॅप्सही गेली. त्याच वर्षी २९ जूनला भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्समध्ये ‘क्लीन मास्टर’ आणि ‘डीयू बॅटरी सेव्हर’ यांची नावे होती, अर्थात ती बंदी सुरक्षा आणि सार्वभौमत्वाच्या कारणावरून होती, जाहिरातींच्या नव्हे. सफाईसाठी साधन हवेच असेल तर केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत. फोन पूर्ववत कोरा करणे हा शेवटचा उपाय, आणि तोही छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे ठेवल्यानंतरच.

तक्रार कोणी करायची?

या उपायांत एक उणीव आहे. ते सर्व फोनधारकाकडूनच दक्षतेची अपेक्षा करतात. सांडपाणी सोडणारा तसाच राहावा आणि काठावरच्याने पाणी उकळून प्यावे, असा हा न्याय झाला. गूगलने ३० सप्टेंबर २०२२ पासून पंधरा सेकंदांनंतरही बंद न होणाऱ्या पडदाभर जाहिरातींना आपल्या नियमांत मज्जाव केला हे खरे. परंतु भांडाराचा मालकच जाहिरातींचा सर्वांत मोठा व्यापारी असताना त्याच्या स्वयंशिस्तीवर किती विसंबावे याचा विचार झाला पाहिजे.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या यंत्रात मालकाच्या परवानगीविना दूषित संकेत सोडणे निषिद्ध ठरवले आहे आणि कलम ६६ नुसार, असे कृत्य अप्रामाणिक वा लबाडीच्या हेतूने केल्यास, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत १३ प्रकार नावानिशी सांगितले असून वेषांतर केलेली जाहिरात, सततचा तगादा आणि व्हायरसची खोटी भीती घालणे या तिन्हींचा समावेश आहे. रस्त्यावर फलक लावायचा तर उल्हासनगर महानगरपालिकेची किंवा अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांची परवानगी आणि शुल्क लागते. नागरिकाच्या खासगी पडद्यासाठी तशी तरतूद कागदावर झाली, ती या तत्त्वांनी. मात्र प्राधिकरण हलते ते तक्रारींचा ढीग झाल्यावर, आणि पाच सेकंदांच्या नुकसानीसाठी ठाण्याच्या ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार? प्रत्येकाचे नुकसान क्षुल्लक आणि सर्वांचे मिळून प्रचंड, अशा ठिकाणी एकटा ग्राहक कधीच लढत नाही.

तो संघटित झाल्यावर लढतो, याचा दाखला याच मुलखात आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून दरमहा एकत्र किराणा घेण्याची पद्धत रुजवली. तेव्हाही भेसळ आणि मापातील खोट एकेकट्या गृहिणीला क्षुल्लक वाटत होती, आणि दुकानदाराला तेच सोयीचे होते. या तिन्ही शहरांत महाविद्यालये आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत, वाचनालये आहेत. पथकातील चार विद्यार्थ्यांनी महिन्यातून एका रविवारी वाचनालयात टेबल मांडून बसावे, आलेल्या प्रत्येक फोनाची वर सांगितलेली तपासणी करावी, आणि जे अ‍ॅप दोषी आढळेल त्याची नोंद वहीत करावी. नोंदीला फार काही लागत नाही: पडद्याचे छायाचित्र, अ‍ॅपचे नाव, ते कोठून घेतले, आणि दिनांक. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. न गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एका शहरातून एकाच अ‍ॅपविरुद्ध चाळीस नोंदी एकाच महिन्यात गेल्या, तर प्राधिकरणाला त्या फायलीत ठेवून देणे एका तक्रारीइतके सोपे जाणार नाही.